गाडी क्र. ३ मध्ये पाणी भरण्याचे काम परत मिळणेबाबत

प्रति,
मा. वाहन विभाग प्रमुख,
मुख्य कार्यालय, तळमजला.

विषय: गाडी क्र. ३ व तिच्या रेडिएटरची देखभाल अर्जदाराकडे पूर्ववत सोपविणेबाबत.

संदर्भ: आपला दि. २१ फेब्रुवारीचा बदली आदेश.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, अर्जदार हा अकरा वर्षे गाडी क्र. ३ चा चालक होता व संदर्भीय आदेशाने त्याची रवानगी व्हॅन क्र. ७ वर झाली आहे. आदेशाबद्दल त्याची तक्रार नाही. तक्रार आहे ती गाडी क्र. ३ ज्यांच्या हाती गेली, त्या नव्या चालकाबद्दल. हे गृहस्थ येऊन तीन आठवडे होत नाहीत तोच सगळे त्यांना ‘मास्तर’ म्हणू लागले आहेत. अर्जदारास अकरा वर्षांत कोणी काहीही म्हटले नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

१. सदर गाडीचे इंजिन मुळातच तापट. अर्जदार रोज सकाळी, इंजिन थंड असताना, बॉनेट उघडून रेडिएटरच्या टाकीत अर्धा लिटर पाणी भरत असे व वहीत ‘पाणी भरले’ अशी नोंद करत असे. सुट्टीच्या दिवशीही तो येत असे. मेहुणीच्या लग्नालाही तो पाणी भरून मगच गेला व त्यावरून सासरी आजतागायत बोलणी खातो. मात्र अकरा वर्षांत तापमानाचा काटा एकदाही लाल पट्ट्यात गेला नाही.

२. मास्तरांनी गेल्या अठरा दिवसांत एकदाही पाणी भरलेले नाही. अर्जदाराने टाकीवर पेन्सिलीने बारीक रेघ मारून याची खात्री केली आहे. एवढे दुर्लक्ष होऊनही पाणी रेघेवरच आहे आणि काटा मधोमध. ही बाब अर्जदारास संशयास्पद वाटते.

३. चौकशीअंती असे समजले की, मास्तरांनी पहिल्याच दिवशी खालच्या होजपाइपची सैल क्लिप बदलली, जुने पाणी काढून टाकले आणि हिरवे कूलंट भरले. यास त्यांना पाऊण तास लागला. निघालेले पाणी गंजाने चहासारखे लाल झाले होते व ती बादली दुपारपर्यंत सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. अर्जदार तेव्हा व्हॅन घेऊन बाहेर होता. भांडारातील कारकुनाने त्यास हे सारे रंगवून सांगितले. मास्तर कोणाला नावे न ठेवता “नुसतं पाणीच घालत होते वाटतं” एवढेच म्हणाले म्हणे. नावे ठेवली असती तर भांडता तरी आले असते. आपण त्यांची पाठ थोपटलीत हेही कळले, आणि अर्जदाराच्या अंगाचा तिळपापड झाला.

४. घरी हा विषय काढला असता पत्नी म्हणाली, “अहो, अकरा वर्षं गळत होतं ते. तुम्हाला वाटलं, गाडीला तहान लागते.” पत्नीचे मत तांत्रिक नसल्याने ते विचारात घेऊ नये.

सबब विनंती की, (अ) गाडी क्र. ३ अर्जदारास परत द्यावी. (ब) देताना जुनी क्लिप शोधून पुन्हा बसवावी.

५. येथवरचा मजकूर काल लिहिला. आजचा मजकूर लिहिणे भाग आहे. आज सकाळी मास्तर येण्याआधी अर्जदाराने स्वतःजवळ राहिलेल्या किल्लीने गॅरेज उघडले आणि नवी क्लिप स्क्रूड्रायव्हरने दोन फेरे सैल केली. मास्तरांच्या हाती तो काटा एकदा तरी लाल पट्ट्यात जावा, एवढाच हेतू होता. फरशीवर पहिला थेंब पडला, दुसरा पडला. लिहिण्यास लाज वाटते, पण ते पाहून अर्जदाराला फार बरे वाटले.

तेवढ्यात मास्तर आले. अर्जदारास वाकलेला पाहून म्हणाले, “बघा, बघा. तुम्ही इतकी वर्षं सांभाळलीत हिला. माझ्याकडून काही राहिलं असेल तर सांगा हं.” आणि निर्धास्तपणे डबा ठेवायला आत गेले. अर्जदाराने क्लिप आवळली, फरशी पुसली, टाकीतील पातळी तपासली. गाडी आज आपणांस घेऊन घाट चढणार होती, हे त्याने नंतर फळ्यावर वाचले.

तरी वरील दोन्ही मागण्या अर्जदार मागे घेत आहे. गाडी क्र. ३ त्यास देऊ नये. उद्या सकाळी त्याचे पाय पुन्हा तिकडेच वळतील, आणि मास्तर रोज वेळेवर येतीलच असे नाही. म्हणून गॅरेजची किल्ली सोबत जोडली आहे. ती आपल्या ताब्यात ठेवावी व अर्जदाराने पुन्हा अर्ज करून, कितीही कारणे देऊन मागितली, तरी देऊ नये.

आपला नम्र व शिक्षेस तयार,

(सही)
चालक, व्हॅन क्र. ७
दि. १४ मार्च

सोबत:
१. पाण्याच्या नोंदींच्या वह्या, अकरा.
२. किल्ली, एक.