तीन मंगळवार

प्रिय रोडा,

आधी जे घडलं ते क्रमानं लिहिते.

१. मंगळवार, ४ मार्च. आईला दवाखान्यात साडेनऊची वेळ दिली होती, ईसीजीसाठी. ती पायरीपर्यंत आली आणि परत गेली.
२. मंगळवार, ११ मार्च. तसंच.
३. मंगळवार, १८ मार्च. या वेळी ती समोरच्या निलगिरीखाली पाऊण तास बसली. मग परत गेली.
४. तिन्ही दिवशी तिच्या फाइलवर ‘आल्या नाहीत’ अशी नोंद झाली.
५. शनिवार, २२ मार्च. तिला मोठ्या इस्पितळात न्यायला येणारं विमान धावपट्टीवर उतरायच्या आत तिनं प्राण सोडला.

पाचवं तुला ठाऊक आहे. पहिले चार तुला कुणी सांगितले नसतील. तू बाळंतपणासाठी डार्विनला होतीस.

आईच्या मागं रीतीप्रमाणे घराला धूर देऊन झाला. तिची भांडी तिच्या थोरल्या बहिणीनं, मोठ्या आईनं नेली. मी कामावर जाते. सकाळी ईसीजीचं यंत्र तपासते, ते नीट चालतं. रडू येत नाही. मोठी आई म्हणते, येईल, घाई नको करूस. बाळाचं वजन किती झालं ते कळव.

निलगिरीचं मला मोठ्या आईकडूनच कळलं. त्या दिवशी ती आईशेजारी बसली होती. आई तिला म्हणाली होती, “जावई आत खुर्ची तापवतोय, मी इथं सावली तापवते.” दोघी हसल्या होत्या. हे सांगून झाल्यावर मोठी आई माझ्याकडे बघत म्हणाली, “यंत्र शिकलीस गं बाई, पण डोळे शहरात ठेवून आलीस काय?”

तुझ्या नवऱ्याची, लेटनची पायाची मलमपट्टी मंगळवारी सव्वानऊला असते. नंतर इंजेक्शन, आणि इंजेक्शननंतर अर्धा तास तिथंच बसायचं. बसायची खोली एक, बाहेरचं दार एक. तो दाराकडे पाठ करून बसायचा. आई बाहेर आहे हे त्याला कळलं असतं तर लंगडत का होईना, तो आधी बाहेर पडला असता. मी आतल्या खोलीत यंत्रापाशी होते.

ट्रुडी ही नवी नर्स, मेलबर्नची, मनानं चांगली. मी तिला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, “पण पाच मिनिटं दुसऱ्या कोपऱ्यात बसायला काय झालं असतं?” मी म्हटलं, आमच्या आदिवासी रीतीत सासू जावयासमोर येत नाही. “पाच मिनिटंही नाही?” एक मिनिटही नाही, म्हटलं. मग तिनं विचारलं, “मग वेळा कुणी लावल्या?”

वेळा मी लावल्या, रोडा. जुन्या आजारांचे सगळे मंगळवारी, असं मीच ठरवलं होतं. यादीत नावं नसतात, फाइलचे क्रमांक असतात. आईचा आणि लेटनचा, दोन्ही क्रमांक मला पाठ आहेत. तुमचं लग्न ठरल्यापासून, अगदी लहानपणी, दुकानाच्या वाटेवर लेटन दिसला की आईला मागच्या बाजूनं नेणारी मीच होते.

शुक्रवारी, ११ एप्रिलला दवाखान्याच्या समितीची बैठक आहे. बायकांसाठी मागच्या बाजूनं दुसरं दार आणि वेगळी बसायची जागा करायची की नाही, ते तिथं ठरेल. व्यवस्थापक म्हणतात, लोक येतच नाहीत, तर दार कुणासाठी? पुरावा म्हणून त्यांच्याकडे नोंदी आहेत. त्यातल्या तीन खोट्या आहेत. ती आली होती, तीनदा, हे मला उभं राहून सांगायचं आहे. माझी चूकही सांगेन. पण ती का परतली हे सांगितलं की तिथं कोण बसलं होतं तेही निघेल, आणि लेटनला ती लाज आयुष्यभर पुरेल. शिवाय गेलेल्या माणसाबद्दल इतक्या लवकर चारचौघांत बोलायचं तर तिच्या दोन्ही मुलींची संमती हवी. माझी आहे. तुझी मला माहीत नाही.

हे पत्र लेटनच्या हाती पडू देऊ नकोस. त्याला सांगायचं असेल तर तू सांग. गुरुवारी, १० तारखेला दुपारी चारपर्यंत दवाखान्यात फोन करून मला हो किंवा नाही एवढंच कळव. फोन आला नाही तर मी ते नाही समजेन.

तुझीच,
डेल्व्हीन