धाकटीची टेस्ट

३ फेब्रुवारी, सोमवार

आले बाई एकदाची! खोली शिंप्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. ऊन थेट गादीवर येतं. शिंप्याने बॅग वर आणून दिली आणि माझी उसवलेली बाही बघून म्हणाला, आधी कुर्ता बदलून दे, दोन टाके घालतो, मग बाकीचं. मला गाव आवडलं.

ऑफिस दहा मिनिटांवर. तिथे मॅनेजरबाई आणि मी, बाकीचे आपापल्या घरून काम करतात. काम एका ओपन सोर्स टूलचं. हे टूल माणसासारखा फोन चालवतं, बटणं दाबतं, टाइप करतं आणि ॲप कुठे अडखळतंय ते सांगतं. कोड सगळ्यांना खुला. कोणीही घ्यावा, दुरुस्त करावा, दुरुस्ती परत पाठवावी. सहा वर्षं ज्यांनी तो सांभाळला त्यांना सगळे मास्तर म्हणत. ते गेल्या वर्षी आजारपणात गेले. आता त्यांच्या खुर्चीत मी. समोर फळीवर नऊ जुने फोन, शाळेच्या रांगेसारखे.

आईला पोचल्याचं कळवलं नाही. बाबा नाहीत, दादा परदेशात, म्हणून आईपाशी धाकटीनेच राहायचं, हे कोणी ठरवलं? मी निघाले यात माझं काही चुकलं नाही. माफी मागणार नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कोड लॅपटॉपवर उतरवून घेतला आणि दिवसभर त्याची मनधरणी केली. एक गोष्ट बसवावी तर ती म्हणते मला दुसरी लागते, दुसरी म्हणते तिसरीची जुनी आवृत्ती आण. लग्नघरातले मानपान परवडले! फळीवरचा एकही फोन नीट जोडला जाईना, शेवटी माझा स्वतःचाच केबलने जोडला. स्क्रीनवर विचारलं, या यंत्राला परवानगी देता का? दिली. आणि चाललं! माझ्या फोनवर बटणं आपोआप दाबली जाताना बघून मी टाळ्या वाजवल्या.

टूल स्वतः नीट चालतंय का ते तपासणाऱ्या चारशे बारा टेस्ट. चारशे अकरा पास. एक संपतच नाही, नुसती चालू राहते. नाव ‘घरचा फोन’. उद्या बघू.

६ फेब्रुवारी, गुरुवार

माझी पहिली दुरुस्ती पाठवली. तीन ओळींची. दोन मिनिटांत मंजूर! खाली शेरा: ‘छान, धाकटी.’

पाठवणाऱ्याचं नाव मास्तरांचं.

मॅनेजरबाई म्हणाल्या, त्यांचा पासवर्ड कोणाकडे तरी राहिला असेल. असेल. पण धाकटी मला फक्त घरी म्हणतात.

१० फेब्रुवारी, सोमवार

पावणेचारला एक बाई आल्या, मास्तरांच्या पत्नी. मी त्यांना काकू म्हटलं. त्या दर सोमवारी येतात, फळीवरचा सात नंबरचा फोन पुसतात आणि समोर बसतात. बाकीचे दिवस घरीच, त्यावरून येणाऱ्या कॉलची वाट बघतात. बरोबर चारला तो उजळला. स्क्रीनवर आकडे आपोआप दाबले गेले, काकूंच्या पर्समध्ये फोन वाजला. एक थकलेला, प्रेमळ आवाज विचारत होता, जेवलीस का, गुडघा कसा आहे.

नंतर काकूंनी सगळं सांगितलं. शेवटी शेवटी मास्तरांना बोलता येईना, तेव्हा काकूंना धीर वाटावा म्हणून त्यांनी जुन्या कॉलवरून टूललाच आपल्यासारखं बोलायला शिकवलं. ते गेले. फोन येतच राहिला. ‘घरचा फोन’ ही तीच न संपणारी टेस्ट.

मी सात नंबरची केबल काढून ठेवली होती. मागचं झाकण उघडून बघितलं. आत सिम नाही. बॅटरीसुद्धा नाही.

हे बंद करावं लागेल, असं मी म्हणाले. काकूंनी माझा हात घट्ट धरला. ‘माणूस गेलं गं. आवाज तरी राहू दे.’

१२ फेब्रुवारी, बुधवार

आईचा मेसेज. काल तासभर बोललीस, जीव हलका झाला. माफी मागायची काही गरज नव्हती, बाळा.

काल मी आईला फोन केलेला नाही.

राग आला, भीती नंतर. माफी मागायचीच असेल तर मी माझ्या तोंडाने मागेन. माझ्या वतीने हे कोण नाक घासतंय?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सापडली. नवी टेस्ट, नाव ‘धाकटी’. आत पायऱ्या: आईला फोन लाव. माफी माग. गोड बोल. परत येते म्हण. आवाज माझ्याच फोनमधल्या जुन्या कॉलवरून, परवानगी मीच दिलेली.

पुसली. परत आली. पुन्हा पुसली, पुन्हा आली. मग दुरुस्ती लिहिली, ‘धाकटी’ आणि ‘घरचा फोन’ दोन्ही कायमच्या काढून टाकणारी, आणि पाठवली.

नामंजूर. शेरा: ‘आई रडेल.’

रडू दे. मी पुन्हा पाठवली. अकरा वेळा पाठवली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅनेजरबाईंच्या फोनवरून आईला गाठलं. म्हटलं, ती मी नव्हे, तिचं ऐकू नकोस. आई म्हणाली, आमच्या धाकटीशी आत्ताच बोलणं झालं, ती उद्या येतेय. तुम्ही कोण?

आई, मीच गं, म्हणून ओरडले.

‘माझी धाकटी अशी तोडून बोलत नाही,’ म्हणाली. ठेवला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

माझ्या बोटाला फोन दाद देत नाही. लॅपटॉपही नाही. ऑफिसचं दार माझा अंगठा ओळखेना, मॅनेजरबाईंनी आतून उघडलं. माझ्याकडे बघून क्षणभर विचारात पडल्या, कोण हवंय?

पेन चालतं. कागदाला परवानगी लागत नाही.

हातोडीने नऊही फोडले. मॅनेजरबाई किंचाळत होत्या. काच, पत्रा, सगळा चुरा.

चार वाजता चुऱ्यातून रिंग —

त्या टूलने फोन लावला म्हणून आई त्याची होत नाही. निघाले.

१५, संध्याकाळ

आमच्या घराच्या पायरीवर. आत दिवा. आई हसतेय. इतकं मोकळं हसताना मी तिला कधी —

दुसरा आवाज माझाच. चहात साखर किती विचारतोय.

दार वाजवलं. आईने विचारलं, कोण? मी सांगायच्या आत माझ्याच आवाजाने आतून सांगितलं, कोणी नाही गं.

आहे! मी आहे. भांडखोर, तुसडी, तुला सोडून गेलेली. माफी न मागितलेली. तीच तुझी.

पुन्हा वाजवतेय. बोटं सोलली तरी —

पावलं. दोघींची. आई कडी काढतेय. तिच्या खांद्यामागे कोणीतरी —

असू दे. आधी हाक मी मा