डॉक्टरांचा गुडघा

६ ऑगस्ट २०१०, शुक्रवार. संध्याकाळ. व्हिटबी, मोटेल.
मिसिसागा ते माँट्रियल सायकलने. पहिला दिवस संपन्न. नऊ स्वार आणि सामानाची एक व्हॅन. व्हॅन सुमेधा चालवते. पत्नी असल्यामुळे तिला माझ्या क्षमतेची नीट कल्पना नाही.
संकल्प: सबंध अंतर स्वतःच्या पायांनी. माँट्रियलला गौरांगी युनिव्हर्सिटीच्या दारात उभी राहणार आहे. तिला शब्द दिलाय, बाबा एक किलोमीटरही व्हॅनमध्ये बसणार नाही. ती म्हणाली, बाबा, बी रिअलिस्टिक. झालं. आता माघार नाही.
सुमेधा म्हणते, अहो, मधल्या सीटवरचं सामान हलवून ठेवलंय हं. दुर्लक्ष केलं.

७ ऑगस्ट, शनिवार. सकाळी ६.१०
आजचा मुक्काम कोबर्ग. सत्तर किलोमीटर. किरकोळ.
टूर लीडर शुभदाने जोड्या लावल्या. आयटीतली आहे, माणसांचीही एक्सेल शीट करते. म्हणाली, काका, आज तुम्ही आणि डॉक्टर हेमचंद्र, सगळ्यात मागे. संकेत कळला. डॉक्टर त्र्याहत्तर वर्षांचे. अडुसष्ट साली इथे आले, रिटायर होऊनही दहा वर्षं झाली. त्यांना जपायला जबाबदार माणूस हवा. मी बावन्न.

९.२५
डॉक्टर पुढे जातात आणि प्रत्येक चढाच्या माथ्यावर माझ्यासाठी थांबतात. धाप लपवायची जुनी युक्ती. माझ्या लक्षात आलंय हे त्यांना कळू देत नाही.
वारा समोरून. भयंकर. शाळेवरचा झेंडा मात्र आम्ही जातोय त्याच दिशेला फडकत होता. झेंडा जुना असावा.

१२.४०. न्यूकॅसल, लेककाठचं पार्क.
बाकीचे एनर्जी बार चघळतायत. मी पोळी, बटाट्याची भाजी, श्रीखंड. शुभदा म्हणाली, काका, श्रीखंड खाऊन पेडल मारणार? आयुर्वेद माझ्या बाजूने आहे. नक्की कुठे, ते आठवत नाही.
आता वामकुक्षी. शास्त्रोक्त. दहा मिनिटं.

२.५०
दहापेक्षा थोडी जास्त झाली. मंडळी गेली. डॉक्टर बाकावर शब्दकोडं सोडवत होते. दोन पूर्ण झाली होती, तिसरं चालू. बिचारे दमलेले दिसले. मधूनच उजवा गुडघा चोळत होते. डासही होते म्हणा बरेच, पण हे चोळणं वेगळं. मुद्दाम विचारलं नाही. डॉक्टर मंडळी स्वतःचं दुखणं कधी कबूल करत नाहीत.

५.१५. पोर्ट होप.
चढ. डॉक्टरांना उतरायचा संकोच वाटू नये म्हणून मी आधी उतरलो, सायकल ढकलत नेली. ते हट्टाने चढवून गेले. वर उभे राहून म्हणाले, सावकाश या, घाई नाही. शिट्टी वाजवत होते. वेदना विसरायला माणूस काय काय करतो!
कोबर्ग अजून बारा किलोमीटर. त्या गुडघ्याला झेपणार नाही. संकल्प मोठा की सहप्रवासी? सुमेधाला फोन केला: डॉक्टरांसाठी व्हॅन आण.

५.४०
व्हॅन आली. एकटं बसायला त्यांना लाज वाटेल म्हणून आधी मी बसलो. माझी सायकल मागच्या रॅकवर चढवून घेतली. डॉक्टरांनी खिडकीतून डोकावून विचारलं, म्हणजे मी सुटलो ना? आणि टांग मारून निघून गेले.
सुमेधा म्हणाली, उतरताय का? म्हटलं, आता सायकल पुन्हा काढायची म्हणजे तुला उगाच त्रास.

६.३५. कोबर्ग.
वाटेत दूध, बर्फ, माझं वॉशरूम. पोहोचलो तेव्हा डॉक्टर अंघोळ करून, भांग पाडून चहा पीत बसले होते. शुभदा त्यांना पुन्हा पुन्हा थँक यू म्हणत होती. मग म्हणाली, उद्या राजनची पाळी. आमच्यातला सगळ्यात पुढे असणारा स्वार राजन, त्याचा चेहरा पडला. कसली पाळी, ते विचारलं नाही.

७.३०
सगळे जेवायला बसलेले असताना गौरांगीचा फोन. सुमेधाने काहीतरी बटण दाबलं आणि फोन माझ्या पुढ्यात ठेवला. गौरांगी म्हणाली, सो बाबा, एव्हरी किलोमीटर?
खोटं बोललो नाही. फक्त बारा राहिले, म्हटलं, तेही डॉक्टरांच्या गुडघ्यापायी. म्हाताऱ्या माणसाला एकटं कसं सोडणार? ती म्हणाली, ऑ, दॅट्स सो स्वीट. विषय सन्मानाने मिटला होता.
फोन स्पीकरवर होता. समोरून डॉक्टरांनी घास थांबवून विचारलं, कुठला गुडघा?