ओसरीवरचं पान

शिमाने, ९ ऑगस्ट १९७४

प्रिय दादा,

या उकाड्यात तू आणि ह्येरिम वहिनी बरी आहात ना? इथे यंदा भोपळे पुष्कळ लागलेत. बाबांचा गुडघा दुखतो, पण ते सांगत नाहीत.

आई गेल्यावरचं हे पहिलं ओबोन, म्हणून पितरांचं ताट महिना लागताच मांडायला घेतलं. आत देव्हाऱ्यापुढे आईचं. बाहेर ओसरीवर, ज्यांना कुणीच नाही त्या मृतांसाठी, कमळाच्या पानावर तांदूळ आणि वांग्याच्या फोडी. तू हसशील, तरी लिहिते. आतलं ताट सकाळी जसंच्या तसं असतं. पानावरच्या तांदळात मात्र बोटं फिरलेली दिसतात, आणि वांग्याच्या फोडी नीट कडेला सारलेल्या. आईला वांगं आवडत नसे.

बाबा म्हणाले, "मांजर असेल." दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला वांगं चिरू दिलं नाही.

पुढचं लिहावं की नाही, यात बरेच कागद फाडले. आजारपणात आईने मला सांगितलं, तिचे आईवडील वहिनीच्या घरच्यांसारखेच कोरियातून आलेले. युद्धात कागदपत्रं जळाली, तिने जपानी नाव घेतलं आणि सगळा संसार तसाच केला. "असल्या लोकांची पोर माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही," असं बाबा वहिनीवरून तुला म्हणाले, तेव्हा ती चहा ओतत होती. दादा, ती ते शब्द पाळतेय.

काल मी बाबांना सांगितलं. मन ज्याच्यापाशी अडतं, त्याचं नाव घेऊन पाठाचं पुण्य त्याला द्या, असं देवळातले भिक्षू त्यांना कधीपासून सांगताहेत. संध्याकाळी त्यांनी ओसरीवर, पानासमोर बसून पाठ केला. शेवटी म्हणाले, "ह्येरिम सुखी राहो." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तुझ्या आईचं नाव काय होतं?"

मी सांगितलं. ते नाव घेऊन त्यांनी तिला आत बोलावलं. वारा नव्हता. पानावरचे तांदूळ हलले. आत कुणी आलं नाही.

आज सकाळी म्हणाले, "माझ्या बोलावण्यावर ती कसा विश्वास ठेवेल? सुनेला बोलाव. ती आत आलेली दिसली, तर तुझी आईही येईल."

सोळा तारखेला पितरांना निरोप द्यायचा. त्याआधी या. वहिनीला सांग, मनाविरुद्ध येऊ नकोस, तू आमचं काही देणं लागत नाहीस. पण येणार असाल तर पुढच्या बाजूने या. तिथलं सरकतं दार बाबांनी चौकटीतून काढून ठेवलंय.

तुझी बहीण आणि पाक ओक-सुनची मुलगी,
फुमिए