न ऐकलेलं गाणं

सोमवार, श्रावण. धुळे. दिवेलागण.

सकाळी गावी, एका रात्रीची पाहुणी म्हणून येणाऱ्या कानबाई देवीला नदीवर पोचवून परतलो. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

काल देवीसमोर बाया गाणी म्हणत होत्या आणि मी भिंतीला टेकून फोनवर दिवाळी अंकाची कथा टाइप करत होतो. कथा कशावर? कानबाईच्या गाण्यांवरच! माझ्या थोरल्या वहिनी, म्हणजे अक्का, गाणं मध्येच थांबवून म्हणाल्या, "देवीम्होरे बी तुनी टकटक चालूच शे का रे भाऊ? मी आते कोनतं गानं म्हनं, सांग बरं."

सांगता आलं नाही. एक ओळही नाही. बाया हसल्या, मीही हसलो आणि कथा पाठवून दिली. संपादकांचं लगेच उत्तर, "झकास!" तेच जास्त लागलं. गाणं ऐकलंच नाही, आणि झकास?

यंदाची ही कितवी कथा, आठवत नाही. लिहिताना आनंद झाल्याचं तर मुळीच नाही. पूर्वी एका वाक्यासाठी शेताला फेऱ्या मारायचो, तेव्हा... आई कानबाई, हे कधी आटलं?

मघाशी संपादकांना कळवलं, ती कथा छापू नका. मग अक्कांना फोन केला, ते गाणं पुन्हा म्हणा ना.

"आते कसं? देवी गयी. तिनं गानं तिनाम्होरेच म्हंतस. पुढला सालले ये, फोन घर ठेईसन."

विनवून पाहिलं. नाही म्हणजे नाही. आता गाणं ऐकेपर्यंत, म्हणजे वर्षभर, त्या कथेतला शब्दही नव्याने लिहिता येणार नाही. तोवर माझ्यातला लिहिणारा उरेल का, ठाऊक नाही. पण कितीतरी दिवसांनी मी कशाची तरी वाट पाहतोय.