दळणाला जाते

डोणगाव,
सोमवार, १४ जुलै २०२५

प्रिय चंद्रशेखर यांस,

सप्रेम जयभीम. घरी सगळं ठीक. कॉलेजातून आल्याबरोबर दिसावं म्हणून हे पत्र तुमच्या ताटात ठेवलंय. वांग्याची भाजी झाकलेली आहे. तिखट कमी वाटलं तर वरून घ्या, नाव ठेवायला समोर कोणी नाही.

काल धम्मरत्न भाऊजी आणि मयुरी जेवायला आले होते. मयुरीने नोकरी सोडावी का, असं भाऊजींनी तुम्हाला विचारलं, तेव्हा मी आत पोळ्या लाटत होते. तुमचं उत्तर ऐकलं. "दोघायचा कर वेगवेगळा लागते बे. तिचा पगार तं करात बसतच नाही. सोडू देऊ नको तिले."

आईंना लकवा झाला, त्याच महिन्यात तुम्ही मला सांगितलं होतं की नवराबायकोचे पगार एकत्र धरतात, तुझ्या पगारावर माझ्या दराने कर बसतो, वर बसभाडं, मग हाती धुपाटणंच. वाणिज्य शिकवणारा माणूस सांगतोय म्हणून मी मेहकरच्या लॅबमधली नोकरी सोडली. अख्ख्या तालुक्याचं रक्त तपासलं, नवरा तेवढा तपासायचा राहिला.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "मंग मले काऊन तसं सांगतलं?"

तुम्ही हात पुसत म्हणालात, "नाही तं मायले कोणं सांभाळलं असतं?"

नुसतं राहा म्हणाला असतात तरी मी राहिले असते. आईंवर माझा जीव आहे. पण तुम्हाला विनंती करायची नव्हती, फुकटची बाई हवी होती.

जुन्या लॅबचे डॉक्टर केव्हापासून बोलावतच होते. त्यांच्या संग्रामपूरच्या लॅबमध्ये उद्या रुजू होते. आता तुम्ही आईंसाठी बाई ठेवा, तिला पगार द्या, आणि तुमच्या नोकरीत काय उरतं ते बघा. परवडत नसेल तर सोडा नोकरी.

शेजारच्या रेणुकाताई तुम्ही येईपर्यंतच बसतील. आईंना कुशीवर वळवताना डावा खांदा धरू नका, त्यांना दुखतं.

आईंना मी सांगितलं, दळणाला जाते. पिठाचा डबा त्यांच्या खाटेसमोरच आहे, काठोकाठ भरलेला. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्या बॅगेकडे.

"लवकर येजो माय," म्हणाल्या.

मी हो म्हटलं. मी येणार नाही, हे त्यांना तुम्हीच सांगा. खोटं सांगायची सवय आहे तुम्हाला, एकदा खरं सांगून बघा.

आईंची सून,
धम्मशीला