बेंगास

११ जानेवारी, रविवार

परत चुकले! आठवडाभर घोकलेलं स्पॅनिश वाक्य, आणि फोनवर नुरियासमोर तोंडातून निघालं काय, तर ‘किएरो के बिएनेस’. सम्यक हसला. “आई, बिएनेस नाही, बेंगास.” नुरिया हसली नाही, तेवढं बरं. पण वाक्य वाया गेलं ते गेलंच.

मला एवढंच म्हणायचंय – तू यावंस असं मला वाटतं. मार्चमध्ये ह्यांना जाऊन वर्ष होईल. पुण्यानुमोदनाला सून घरात असावी. लग्न तिकडे स्पेनमध्येच झालं. हे घर तिने पाहिलेलं नाही. ह्यांनीही तिला फक्त फोनवर पाहिलं.

१३ जानेवारी

शेजारची सीता गडग्यापलीकडून विचारते, “सुनेला मराठी शिकव की गो! ह्या वयात तुला कशाला हवी ती फॉरेनची बाराखडी?”

तिला काय सांगू? मी दहा वाक्यं बोलते, सम्यक तिला दोन सांगतो. ती हात हलवून हलवून कितीतरी बोलते, आणि तो मला म्हणतो, “तब्येत विचारतेय.” एवढ्या बोलण्यात नुसती तब्येत? बाकीचं कुठे जातं मधल्यामध्ये? मला ते बाकीचंच हवंय.

१४ जानेवारी

बेंगा, बेंगास, बेंगा. घोकता घोकता बांगडे करपले.

१७ जानेवारी

वाडीतल्या रसिकाने वाचनालयातून आणून दिलेलं पुस्तक नुसता वैताग आहे. स्पॅनिश शिकवतं ते इंग्रजीतून. माझं इंग्रजी डिक्शनरी उघडून उघडून आलेलं, सातवीनंतर शाळा कुठे होती? इंग्रजी कळेपर्यंत स्पॅनिश निसटतं.

‘तू येतेस’ला बिएनेस. ठीक. पण आधी ‘मला वाटतं’ आलं की तेच येणं बदलून बेंगास! का? येणं ते येणंच ना? चार पानं उदाहरणं दिलीत, कारण एकही नाही. पुस्तक कपाटावर फेकलं. मग स्टूल घेऊन पुन्हा काढलं.

२० जानेवारी

कळलं! भांडी घासताना कळलं. मी तरी कुठे म्हणते ‘तू येतेस असं वाटतं’? ‘यावंस’ म्हणते! शाळेत ह्याला विध्यर्थ म्हणायचे. झालेलं नाही, होईल की नाही ठाऊक नाही, नुसतं मनात आहे – त्याला वेगळं रूप. इतकी साधी गोष्ट त्या जाड्या पुस्तकाला सांगता येऊ नये!

हे असते तर पेपरातून मान वर न करता म्हणाले असते, “बरं, मास्तरीणबाई.”

‘असते तर’ – त्यालाही तिकडे वेगळं रूप असणार. ते मला शिकायचं नाही.

२५ जानेवारी, रविवार

बोलले! नीट, एकही अक्षर न चुकता. “किएरो के बेंगास.”

नुरियाने सम्यककडे बघितलं. दोघं काहीतरी पुटपुटले. हो नाही की नाही नाही. शेवटी तिने डोळे पुसले आणि मान हलवली – आडवी की उभी, ते फोनमध्ये कळलं नाही. मी नेहमीसारखं “बेंगो, बेंगो” म्हणून फोन ठेवला.

ह्यासाठी का शिकले एवढं?

२६ जानेवारी

सम्यकचा फोन. एकटाच होता.

“आई, तू इकडे येतेयस असं नुरियाला वाटतंय.”

“मी कधी म्हटलं?”

“दर रविवारी म्हणतेस! बेंगो, बेंगो! आणि काल अचानक म्हणालीस, तूच ये. ती गोंधळली. तिने मागची खोलीसुद्धा रंगवली. पिवळी.”

“अरे, ते आपलं ‘येते’! फोन ठेवताना दुसरं काय म्हणायचं?”

“मे बोय म्हण. म्हणजे जाते. आणि खरंच यायचं असलं तरी तिकडे ‘बोय’च म्हणतात, आई.”

जाते? मी ‘जाते’ म्हणू? हे सोमवारी लोटे एमआयडीसीतल्या कंपनीत जायला निघायचे, तेव्हा उंबऱ्यात म्हणायचे, “येतो गो.” शेवटी ॲम्ब्युलन्समध्ये चढवतानाही तेच म्हणाले. ‘जातो’ नाही म्हणाले. आणि हा मला सांगतो जाते म्हण!

“मार्चमध्ये येईल का ती, तेवढं सांग.”

“नाही जमणार.”

“काय नडलं?”

“ती स्वतः सांगेल.”

म्हणजे यायचं नाही. सरळ सांगायचं ना.

२८ जानेवारी

पुस्तक रसिकाला परत दिलं. “काकी, झालं शिकून?” म्हणाली. झालं म्हटलं.

१ फेब्रुवारी, रविवार

सकाळी नुरियाचा मेसेज. सम्यकचा नाही, तिचा. स्पॅनिशमध्ये, अगदी सोप्या शब्दांत, मला कळावं म्हणून.

‘नो, आई. किएरो के बेंगास तू. कुआन्दो नास्का.’

नाही आई, मला वाटतं यावंस तू. ‘तू’ तिकडेही तूच. शेवटचे दोन शब्द अडले. ‘कुआन्दो’ म्हणजे जेव्हा. ‘नास्का’ माझ्या वहीत कुठेच नव्हता. रूप मात्र ओळखीचं – बेंगाससारखंच, अजून न झालेल्या गोष्टीचं. रसिकाच्या दारात जाऊन पुस्तक मागून घेतलं. तिथेच उभ्या उभ्या मूळ शब्द काढला.

जन्मणे.

सम्यक म्हणेल, आई, ‘बोय’ लिही. मी ‘बेंगो’च लिहिलं.